चुकलेली शिट्टी

बारावीच्या वर्षी माझा उजवा गुडघा गेला आणि त्याच्याबरोबर पोलीस भरतीही गेली. आखाडा बाळापूरच्या मैदानावर आम्ही सात-आठ मुली रोज सकाळी भरतीसाठी पळायचो. घरी मेंढरं आणि थोडं कोरडवाहू रान. पोरगी खाकीत दिसावी, ही एकच इच्छा आबांनी कधीतरी बोलून दाखवली होती आणि हळूहळू ती मला माझीच वाटू लागली होती. शाळेपासून मी खो-खो खेळायचे. सरावाच्या एका सामन्यात खांबाला वळसा घालताना पाय रोवला गेला, अंग वळलं, गुडघा मात्र तिथंच राहिला. नांदेडच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि सांगितलं, चालता येईल, घरचं-रानातलं सगळं करता येईल, पळणं तेवढं डोक्यातून काढून टाका.

दुसऱ्या दिवशी आबा मेंढरं घेऊन निघून गेले. माय मला भाकरी थापायला बसवायची, कारण बसून करण्यासारखं काम तेवढंच होतं. मी बी.ए.ला नाव घातलं होतं, पण कॉलेजला फारशी जात नव्हते. मैत्रिणी सकाळी पळायला निघाल्या की त्यांच्या बोलण्याचा आवाज घरावरून जायचा. तो लांब जाईपर्यंत मी ऐकत पडून राहायचे.

पोळा झाला आणि शाळांचे तालुका सामने जवळ आले. एके दिवशी शाळेतले आमचे खेळाचे सर मोटारसायकलवर घरी आले. मला खो-खो त्यांनीच शिकवला होता. गुडघ्याची चौकशी त्यांनी केली नाही. मायला म्हणाले, कळमनुरीला तीन दिवस सामने आहेत, गुण लिहायला माणूस कमी पडतोय, आणि हिचे हात तर धड आहेत. नाश्ता मिळेल, बाकी काही मिळणार नाही. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणण्याचं कारण शोधत होते तेवढ्यात सर म्हणाले, उद्या आठ वाजता, आणि गाडीला किक मारून गेले.

अशी मी मैदानाच्या कडेला, टेबलामागं जाऊन बसले. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली ओळीत बसतात, नववी धावते, आणि समोरच्या संघाच्या तीन-तीन मुली तिला चुकवत पळतात. कोण किती वेळ टिकली आणि कोण कुणाच्या हाताला लागून बाद झाली, ते मी लिहायचं. पहिल्या दिवशी मला फार जड गेलं. समोर पोरी पळत होत्या आणि माझा पाय टेबलाखाली आपोआप ताणला जात होता. दुपारपर्यंत मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाद झालेली मुलगी आधी आपल्या बाईंकडं किंवा मैत्रिणींकडं जायची, पाणी प्यायची, आणि मग हळूच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. मी किती पळाले, असं विचारायची. संघ हरलेला असला तरी विचारायची. दोन मिनिटं दहा सेकंद, असं सांगितलं की ती ते तोंडातल्या तोंडात घोकत परत जायची. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकीची वेळ एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवू लागले. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण विचारायला आलेलं लेकरू रिकामं परत जाऊ नये, असं वाटायचं.

तीन दिवस संपले तेव्हा सरांनी पंच परीक्षेच्या नियमांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. सहा महिन्यांनी मी ती परीक्षा पास झाले. लेखी सोपं गेलं, शिट्टी अवघड गेली. माझी शिट्टी अर्धीच वाजायची, जणू मी कुणाची तरी परवानगी मागतेय. सर म्हणाले, ‘शिट्टीनं विचारायचं नसतं, सांगायचं असतं.’ मग मी मेंढरांमागं रानात जाऊन शिट्टीचा सराव करू लागले. आबा वैतागले. मेंढरं बुजतात, म्हणाले. आणि म्हणाले, ‘दोन्हीकडच्यांच्या शिव्या खायचं काम काहून करून राहिली तू?’

खरं कारण एवढंच होतं की मैदानावर असले की माझा दिवस जायचा.

पुढच्या वर्षी, पुन्हा कळमनुरीलाच, चौदा वर्षांखालच्या मुलींच्या उपांत्य सामन्यात मी पंच होते. एक संघ मोठ्या शाळेचा होता, सगळ्यांचे गणवेश एकसारखे. दुसरा एका लहान गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा. त्यात जवळच्या तांड्यावरच्या बऱ्याच मुली होत्या. त्यांच्यातली एक बारीक अंगाची, सातवीतली मुलगी फार सुरेख पळत होती. उगाच घाई करायची नाही, मागं वळून पाहायची नाही, पण मागची मुलगी किती हातांवर आहे हे तिला पाठीनं कळत असावं.

शेवटचं मिनिट राहिलं होतं आणि गुण बरोबरीत होते. ती मुलगी खांबाकडं पळाली, मागच्या मुलीनं झेप घेतली, दोघी धुळीत पडल्या. पंचानं अशा वेळी खांबाच्या रेषेत जाऊन उभं राहायचं असतं, म्हणजे हात आणि पाठ यांच्यामधली फट दिसते. मी सहा पावलं अलीकडं होते. सकाळपासून गुडघा ठणकत होता, म्हणून ती सहा पावलं मी टाकली नाहीत. मला झेप दिसली, पडणं दिसलं, आणि मी शिट्टी वाजवली. चांगली खणखणीत वाजवली.

मुलगी उठली. तिनं मान हलवली, आपली पाठ हातानं दाखवली आणि तिच्या घरच्या भाषेत काहीतरी बोलली. मला ती भाषा येत नव्हती. मी म्हणाले, ‘चल, बाहेर.’ ती लगेच गेली. तिचा संघ एका गुणानं हरला.

गुणपत्रकावर सह्या झाल्या. मी कडुलिंबाखाली बसून पाणी पीत होते, तेवढ्यात जिंकलेल्या संघातली एक मुलगी एकटीच आली. झेप घेणारी तीच. कोपर सोललेलं होतं. म्हणाली, ‘मॅडम, माझा हात तिला लागलाच न्हाई.’

‘मग तवाच काहून नाही सांगितलंस?’

‘आमचे सर म्हणले, मैदानात बोलायचं न्हाई. पंच सांगंल ते बराबर.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शिकवलेलं तिनं सरळ सांगितलं. मी तिला बरं म्हणाले, आणि ती पळत आपल्या मैत्रिणींमध्ये गेली. तिला शाबासकी द्यायचं, निदान कोपराला पाणी लावून द्यायचंही मला सुचलं नाही. पुढं ती मला कधी भेटली नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

मी सरांकडं गेले. त्या स्पर्धेचे मुख्य पंच तेच होते. मी जे झालं ते सगळं सांगितलं, सहा पावलांसकट. ते म्हणाले, सही झालेला निकाल बदलत नाही. आज एक बदलला तर उद्या प्रत्येक निकाल बदलायला माणसं उभी राहतील. मी मान खाली घातली. पुढचं ते हलक्या आवाजात बोलले.

‘पण त्या पोरीला जाऊन सांगायला तुला कोणता नियम आडवा येतो?’

सोमवारी मी त्या शाळेत गेले. बाळापूरहून काळीपिवळी जीप, फाट्यावर उतरून पुढं दोन किलोमीटर पायी. दोन्हीकडं हळदीची रानं होती. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, आणि शाळेचं फाटक दिसल्यावर ते सगळं विसरले.

शाळेत चार शिक्षक होते. मुख्याध्यापिका बाई पन्नाशीच्या होत्या, आवाज बसका. मी का आले ते त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, आजवर या शाळेत कुणी साहेब चूक काढायला आले, स्वतःची चूक सांगायला कुणी आलं नव्हतं. मग त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं की ती मुलगी काही बोलणार नाही, वर्गात ती वर्षभरात चार शब्द बोलली असेल तर खूप. मराठी समजते, पण तोंड उघडत नाही. पेपरही अर्धे कोरेच ठेवते.

मधली सुट्टी व्हायला आली होती, मुलीला बाहेर बोलावलं. मागोमाग सगळी सातवी दाराशी गोळा झाली. बाईंनी त्यांना आत हाकललं नाही. मी त्या मुलीला म्हणाले की तू बाद नव्हतीस. मी नीट पाहिलं नाही आणि शिट्टी वाजवली. निकाल आता बदलता येत नाही, पण चूक माझी होती, तुझी नव्हती.

ती खाली पाहत होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती वाकली, एक काडी उचलली आणि धुळीत एक लांब रेघ ओढली. रेघेच्या टोकाला टिंब दिलं, तो खांब. थोडं अलीकडं, बाजूला एक फुली मारली.

‘तुमी इथं व्हत्या,’ ती म्हणाली. मग खांबाच्या रेषेत दुसरी फुली मारली. ‘इथं पाहिजे व्हतं. इथून दिसतं.’

जागा तंतोतंत बरोबर होती. नियमांच्या पुस्तकातल्या आकृतीत पंच जिथं दाखवलाय, तिथंच. ते पुस्तक तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? तिनं खांदे उडवले. मग मी काडी तिच्या हातून घेतली आणि विचारलं की पाठलाग करणारी दुसऱ्या बाजूनं आली असती तर मी कुठं उभं राहायचं. तिनं काडी परत घेतली आणि दाखवलं. असं आम्ही बराच वेळ धुळीत करत बसलो. कधी तिच्या भाषेतला शब्द यायचा, तेव्हा दारातली एखादी मुलगी मला मराठीत सांगायची. बाई मागं उभ्या होत्या. मधली सुट्टी संपल्याची घंटा त्यांनी त्या दिवशी उशिरा वाजवली.

निघताना बाईंनी मला थांबवलं. इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं, म्हणाल्या. आणि शनिवारी सकाळची शाळा असते, खेळ घ्यायला कुणी नाही, येशील का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. ती माफीची भरपाई होती की मला खरंच जावंसं वाटत होतं, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या शनिवारपासून पुढं दोन वर्षं, कॉलेज संपेपर्यंत, मी त्या शाळेत जात राहिले. खेळ घ्यायचे. पांढऱ्या फक्कीनं मैदानाची आखणी करायची, आणि ती मुलांकडूनच करून घ्यायची, कारण मैदान आखायचं म्हणजे मोजायला लागतंच. मीटर, सेंटिमीटर, निम्मे, पाव. त्या मुलीला मी पंच केलं. लहान वर्गांच्या सामन्यात ती शिट्टी वाजवायची, आणि बाद दिलं की का दिलं ते मराठीत सांगायचं, असा मी नियम घातला होता. पहिल्यांदा ती ‘हात लागला’ एवढंच म्हणाली. मग ‘पाठीला हात लागला’. दिवाळीनंतर एकदा दोन पोरं भांडली तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवून त्यांना अख्खी हकीकत सुनावली, अर्धी मराठीत, अर्धी तिच्या बोलीत, आणि दोघांनाही ती समजली. बाई व्हरांड्यातून ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी भूगोलाचा धडा तिला मैदानातच विचारला.

हे सगळं नीट जमत गेलं असं कुणी समजू नये. एकदा बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या आणि तिसरी-चौथीचे गुरुजी आजारी. तिसरीचा आणि चौथीचा वर्ग माझ्याकडं आला. मला वाटलं, मैदानावर शंभर पोरं सांभाळते, ही तर चाळीसच आहेत. अर्ध्या तासात वर्गाचा बाजार झाला. मी आधी समजावलं, मग ओरडले, आणि शेवटी चार भिंतींच्या आत शिट्टी वाजवली. पोरं एकदम चिडीचूप झाली. तिसरीतलं एक बारकं लेकरू कानांवर हात ठेवून रडायला लागलं. शांतता तर झाली होती, पण आता पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. फळ्यावर मी भागाकाराचं एक उदाहरण लिहिलं. ते कुणी सोडवलं नाही. मला ते समजावताही येईना, कारण मला उत्तर येत होतं, पण ते न येणाऱ्याला ते कुठं अडतं हे दिसत नव्हतं.

बाई परत आल्यावर मी झालेलं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या शनिवारी खेळ झाल्यावर त्यांनी मला तिसरीच्या वर्गात मागच्या ओळीत मुलांमध्ये बसवलं आणि तेच उदाहरण घेतलं. फळ्यापाशी उभं राहून नाही, रांगांमधून फिरत. एकेकाच्या वहीपाशी वाकायच्या, बोट ठेवायच्या, हे कसं आलं विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. रडलेल्या त्या लेकरापाशी त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. त्याला भागाकार येत होता, बाकी कुठं मांडायची तेवढं चुकत होतं. मला हे फळ्यापासून कधीच दिसलं नसतं.

फाट्यापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये मी ठरवलं की बी.ए. झालं की डी.एड. करायचं.

घरी सांगितलं तेव्हा माय खूश झाली. आबा म्हणाले, ‘मास्तरकीच्या जागा निघतात व्हय आता?’ प्रश्न खरा होता. त्या वेळी आमच्या गावात डी.एड. झालेली पोरं दुकानांत बसलेली होती. मी म्हणाले, निघतील तेव्हा निघतील, पण मला हेच करायचंय. आबांनी पुढं वाद घातला नाही. हिंगोलीला राहायची सोय पाहायला मात्र तेच माझ्याबरोबर आले, आणि खोलीच्या मालकिणीला त्यांनी सांगितलं की पोरीच्या गुडघ्याला तकलीफ आहे, तिला खालच्या मजल्यावरचीच खोली द्या.

डी.एड. झालं. शिक्षक पात्रता परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, तेही गणितात. दुसऱ्यांदा पास झाले आणि मग नुसती वाट पाहणं आलं. त्या काळात मी बाळापूरला शिकवण्या घेतल्या, सामन्यांना पंच म्हणून गेले, आणि शनिवारी जमेल तेव्हा बाईंच्या शाळेत. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी अजून बिननोकरीचीच होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझी ओळख, या आमच्या शनिवारच्या शिक्षिका, अशी करून दिली. ती मुलगी तेव्हा अकरावीला होती. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिनं केलं. मधे दोनदा ती अडखळली, थांबली, कागद नीट धरला आणि पुढं गेली. आता ती नांदेडला नर्सिंग करते. सुट्टीत आली की फोन करते, आणि आमचं बोलणं बहुतेक वेळा खो-खोवरच येतं.

माझी नेमणूक अखेर झाली, कनेरगाव नाक्याच्या पुढं आत असलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेत. आता तीन वर्षं झाली. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, समोर बरंसं मैदान. वर्गात मी फळ्यापाशी कमी असते. मुलांनी माझं काही चुकलं म्हटलं की ते का चुकलं हे त्यांना दाखवायला सांगते. कधी ते खरं निघतं, कधी नुसता आगाऊपणा असतो.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आबांनी मेंढरं आमच्या भागात चारायला आणली होती. एका दुपारी ते शाळेच्या कंपाउंडपाशी आले आणि आत न येता भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिसरीच्या मुलांना बाहेर झाडाखाली घेऊन बसले होते. सावलीची लांबी मोजायचं चाललं होतं. एक पोरगं काठी सारखी हलवत होतं आणि दुसरी एक मुलगी त्याला अजिबात हलवू नको म्हणून दटावत होती. मी दोघांच्या मध्ये पडले नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी आपापसात ठरवलं, काठी जमिनीत रोवली आणि मोजायला लागली.

सुट्टीत मी आबांना पाणी दिलं. ते म्हणाले, ‘मला वाटलं तू लई बोलत असशील. तू तर गप बसूनच व्हतीस.’

मी म्हणाले, मधेमधे बोलते. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत येऊन वर्गाच्या भिंतीवर लावलेली मुलांची चित्रं एकेक करून पाहत गेले. एका चित्रात मेंढ्या होत्या. ते कुणी काढलं, असं विचारलं. मी त्या मुलाला हाक मारली. आबा उकिडवे बसले आणि त्याला सांगू लागले की मेंढीचे कान असे वर नसतात, खाली लोंबतात. मुलगा ऐकून घेत होता, पण त्याला पटत नव्हतं. आमच्या घरच्या मेंढीचे असेच आहेत, म्हणाला. मग आबा त्याला म्हणाले, दाव बरं मला, आमच्या कळपात हाय का तसली. दोघं फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडं थांबलेल्या आमच्या कळपाकडं निघाले, आणि मी खिचडी करणाऱ्या मावशींना सांगितलं की त्या पोराचं ताट बाजूला काढून ठेवा.